सोल्डरिंग-हॉट एअर स्टेशन नीट तापत नाही? खोलण्याआधी आकडा वाचायला शिका

स्टेशनवर ३५० दिसतंय, हवाही गरम लागतेय, तरी मोबाईलचा चार्जिंग जॅक सुटत नाही. गावात नवं दुरुस्तीचं दुकान टाकलेल्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो, तापमान ४५० वर नेणं. त्यात जॅकचं प्लास्टिक वितळतं, बोर्डाचे थर फुगतात, टिप काळी पडते आणि मूळ अडचण तशीच राहते. स्टेशन खरंच बिघडलं आहे का, आणि असेल तर कुठे, हे शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, चांगल्या प्रतीची ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर वायर आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक एवढ्यावर बहुतेक दोष पकडता येतात. सुटा भाग आणायला नागपूर-अमरावती गाठावं लागत असेल, तर दोष नेमका ठाऊक असणं फार गरजेचं आहे. नाहीतर नुसतं हँडल बदलायचं तिथे लोक अख्खं स्टेशन बदलतात.

डबा एक असला तरी आत दोन वेगळी यंत्रं असतात. सोल्डरिंग आयर्नला ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्ट मिळतात आणि त्याचा हीटर साधारण ५० वॅटचा असतो. हॉट एअर गनचा एलिमेंट मात्र थेट २३० व्होल्टवर चालतो. तो साधारण ७०० वॅटचा असतो, आणि ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच त्याला सारखा चालू-बंद करून तापमान राखतो. हवा देण्याच्या दोन पद्धती आहेत. ८५८ जातीच्या स्टेशनमध्ये छोटा पंखा हँडलमध्येच असतो, तर ८५२ जातीत डब्यात डायफ्राम पंप असतो आणि हवा नळीतून येते. आयर्न चालतं आणि गन बंद, किंवा उलट, असं असेल तर पॉवर कॉर्ड आणि मेन फ्यूजवर वेळ घालवू नका. दोन्ही बंद असतील तरच तिथून सुरुवात करा. फ्यूज उडाला असेल तर त्यावर लिहिलेल्या अँपिअरचाच नवा टाका. तांब्याची तार गुंडाळून काम भागवलं, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या ऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी. गनच्या हँडलमध्ये २३० व्होल्ट खेळत असतात. काही स्वस्त स्टेशनमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. अशा वेळी स्विच बंद, डिस्प्ले काळा, तरी एलिमेंटवर फेज असतेच. म्हणून कुठलंही हँडल खोलायचं ते पिन सॉकेटमधून उपटून, ती डोळ्यांसमोर ठेवून.

आकडा तीन प्रकारे बोलतो

डिस्प्लेवरचं तापमान हे सेन्सर जिथे बसवलाय तिथलं असतं. आयर्नमध्ये सेन्सर हीटरच्या आत असतो, टिपच्या टोकापासून मागे. गनमध्ये तो नोझलच्या जवळ, हवेच्या वाटेत असतो. तुमच्या बोर्डावर किती उष्णता पोचली हे त्या दोघांनाही कळत नाही. त्यामुळे तक्रार आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: आकडा ठरवलेल्या तापमानापर्यंत पोचतच नाही, की पोचतो पण सोल्डर वितळत नाही, की आकडाच वेडावाकडा वागतो?

पोचतच नाही म्हणजे वीज किंवा हीटर कमी पडतोय. पोचतो पण वितळत नाही म्हणजे तयार झालेली उष्णता कामापर्यंत जात नाही. आकडा नाचतो, एरर दाखवतो किंवा भलताच वर चढतो म्हणजे सेन्सर, वायर किंवा ट्रायॅकचा दोष. एवढा फरक केला तरी निम्मं काम झालं, कारण या तिन्हींचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

आकडा पोचत नाही: आधी सॉकेट मोजा

हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत डीपीवर मोटारींचा भार असला की गावात व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे व्होल्टेज थोडं कमी झालं तरी उष्णता खूप कमी होते. २३० व्होल्टला ७०० वॅट देणारा एलिमेंट १७० व्होल्टला जेमतेम ३८० वॅट देतो. मग ३८० अंश लावले तरी आकडा ३००-३१० च्या आसपास घुटमळतो. हवा कमी केली की तो वर सरकतो, कारण आता तेवढ्याच वॅटमध्ये कमी हवा तापवायची असते. हवा कमी करताच आकडा चढला, तर एलिमेंट जिवंत आहे हे नक्की समजा.

सॉकेटवरचं व्होल्टेज दोनदा मोजा, गन बंद असताना आणि गन पूर्ण तापत असताना. मीटर एसी ७५० च्या रेंजवर हवा आणि प्रोबचं इन्सुलेशन फाटलेलं नको. पाच-सहा व्होल्टचा फरक पडला तर ठीक. पण २२५ चे २०५ झाले तर कुठेतरी जोड सैल आहे. गन साधारण ३ अँपिअर ओढते. ३ अँपिअरला २० व्होल्ट पडतात म्हणजे ६० वॅट त्या सैल जोडात जळतायत. तो सॉकेट असेल, एक्स्टेन्शन बोर्ड असेल, नाहीतर मीटरजवळचा कट-आउट असेल. प्लग उपटून हात लावला तर त्याची पिनच गरम लागते. हे दुकानाला आग लागण्याचं कारण होऊ शकतं, त्यामुळे वायरमनला बोलावायला उद्याची वाट बघू नका.

दोन्ही वेळा व्होल्टेज सारखंच कमी असेल तर दोष लाइनचा. तिथे १ केव्हीए किंवा जास्त क्षमतेचा स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस मात्र साधारण ३६० वॅटच देतो. त्यावर आयर्न चालेल, गन लावू नका.

व्होल्टेज ठीक असूनही आकडा चढत नसेल तर पिन उपटा, गन थंड होऊ द्या आणि एलिमेंटच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. २३० व्होल्टच्या ७०० वॅट एलिमेंटचा रेझिस्टन्स हिशेबाने ७५ ओहमच्या आसपास येतो. ६० ते १०० मधलं काहीही चालेल. मीटरवर नुसता १ किंवा ओएल आला तर तार तुटली आहे, एलिमेंट बदला. २० च्या आत आला तर तो ११० व्होल्टचा एलिमेंट असण्याची शक्यता मोठी आहे. तो बसवलात तर पहिल्याच फटक्यात जाईल. एलिमेंटच्या वायरीपासून बाहेरच्या धातूच्या नळीपर्यंत मात्र सर्वांत वरच्या रेंजवरही काहीच दिसता कामा नये. दिसलं तर आतला अभ्रकाचा पत्रा फाटलाय आणि नळीला करंट येऊ शकतो. असं हँडल वापरू नका. एलिमेंट चांगला, व्होल्टेज चांगलं, तरी हवा थंडच येत असेल तर ट्रायॅक किंवा त्याला चालवणारा ऑप्टोकपलर संशयात येतो. ते मेन बोर्डावरचं काम आहे, आणि चालू बोर्डावर हात घालायचा अनुभव नसेल तर तिथे थांबलेलं बरं.

आकडा पोचतो, पण सोल्डर वितळत नाही

नवशिक्यांच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथेच अडकतात, आणि इथे स्टेशन बहुतेक निर्दोष असतं.

आधी कूलर बंद करा. मे महिन्यात दुकानात ४४-४५ अंश असतात तेव्हा कूलरशिवाय बसवत नाही, हे खरं. पण कूलरची हवा टेबलावरून वाहत असेल तर गनची गरम हवा बाजूला ढकलली जाते आणि बोर्ड एकसारखा गार होत राहतो. सेन्सर नळीच्या आत असल्यामुळे त्याला यातलं काही कळत नाही, आकडा ३५० च राहतो. कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवा किंवा टेबलाला मागून आणि बाजूने आडोसा करा. छताच्या पंख्याचंही तेच.

मग सोल्डर कुठलं आहे ते पाहा. कथील-शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं. अलीकडच्या मोबाईल बोर्डांवर शिशाविना सोल्डर असतं, ते २१७ ते २२० अंशांना वितळतं. त्यात जॅकचे पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात, आणि ते तांबं उष्णता ओढून घेतं. बॅटरीच्या फवारणी पंपाचा बोर्ड किंवा कुंपणाच्या झटका मशीनचा बोर्ड यांवर सोल्डर सहज सुटतं आणि मोबाईलवर सुटत नाही, याचं कारण बहुतेक हेच. यावर उपाय तापमान वाढवणं हा नाही. आयर्नने त्या पायांवर आधी ६३/३७ सोल्डर आणि फ्लक्स (ऑक्साइड काढणारी पेस्ट) चढवा. दोन्ही सोल्डर मिसळली की मिश्रण कमी तापमानाला सुटतं. मग आठ-दहा मिलिमीटरचं गोल नोझल लावा, ३५० ते ३८० अंश, हवा मध्यम. आधी तीन-चार सेंटिमीटरवरून आजूबाजूचा बोर्ड मिनिटभर फिरवून तापवा, मग एक-दीड सेंटिमीटरवर येऊन जॅकभोवती गोल फिरवा. शेजारी माइक, कॅमेरा किंवा प्लास्टिकचा कनेक्टर असेल तर त्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर टेप) लावा. जॅक चिमट्याने हलकेच ढकलून पाहा, ओढू नका. ओढला तर पॅड (बोर्डावरचे तांब्याचे ठिपके) उखडून येतात आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

तीन मिलिमीटरचं बारीक नोझल लावलं की हवेची वाट अरुंद होते, प्रवाह कमी होतो आणि आतला एलिमेंट जास्त तापतो. बारीक नोझल आणि पूर्ण तापमान ही जोडी जास्त वेळ चालवू नका, एलिमेंट त्यानेच लवकर जातात.

आयर्नच्या बाजूला दोषी बहुतेक वेळा टिप असते. काळी पडलेली टिप म्हणजे वर ऑक्साइडचा थर. त्याला सोल्डर चिकटत नाही आणि उष्णताही नीट जात नाही. पितळी स्क्रबर आणि फ्लक्स वापरा, तापमान ३०० च्या आसपास ठेवा, आणि ताजं सोल्डर पुन्हा पुन्हा लावून पुसा. कानशी किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. टिपवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो गेला की खालचं तांबं सोल्डरमध्ये विरघळून टिपला खड्डा पडतो. काम संपलं की टोकावर सोल्डरचा गोळा ठेवूनच आयर्न बंद करा. ४०० च्या वर तासन् तास ठेवलेली टिप फार टिकत नाही.

९३६ जातीच्या आयर्नमध्ये टिप हीटरवर टोपीसारखी बसते. तिच्या आत काजळी साचली किंवा नट सैल राहिला की मधे हवेची फट राहते, आणि मग आकडा ३५० असताना टोक २८० वर असतं. थंड असताना टिप काढा, आतला भाग कोरड्या कापडाने पुसा, पुन्हा बसवून नट हाताने आवळा. पक्कड लावलीत तर आतला सिरॅमिक हीटर तडकतो. आणि बारीक सुईसारख्या टोकाने ग्राउंडचा जाड पाय तापवत बसू नका. छिन्नीसारखी किंवा तिरकी कापलेली टिप वापरा, फरक लगेच कळेल.

आकड्यावर अजून शंका असेल तर सोल्डरलाच थर्मामीटर करा. टिप स्वच्छ करून सोल्डर लावा, स्टेशन २०० वर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. ६३/३७ वायर टेकवली की वितळली पाहिजे. नाही वितळली तर पाच-पाच अंश वाढवा, दर वेळी अर्धा मिनिट थांबा. २३० ला वितळली तर टोक आकड्यापेक्षा सुमारे ४५ अंश थंड आहे. शिशाविना वायर असेल तर २२० च्या आसपास दुसरी खूण मिळते. वायरचं रीळ भरवशाचं हवं. कथील कमी असलेली स्वस्त वायर उशिरा वितळते आणि तुम्ही चांगलं स्टेशन बिघडवून बसता. फरक टिप साफ करूनही कायम राहिला तरच कॅलिब्रेशनच्या (आकडा जुळवण्याच्या) भोकातला स्क्रू जरासा फिरवा, आणि पुन्हा मोजण्याआधी मिनिटभर थांबा. ज्यांच्याकडे के-टाइप थर्मोकपलचं (दोन धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमान सेन्सरचं) मीटर आहे त्यांनी थेट ३५० ला मोजावं, कारण २०० वरची चूक आणि ३५० वरची चूक सारखी असेलच असं नाही.

आकडा नाचतो, एरर येतो, किंवा चढतच जातो

आयर्नची वायर हँडलमधून निघते तिथे किंवा प्लगजवळ हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल किंवा एस-ई सारखा सेन्सर एरर येऊन जात असेल तर आत तार तुटली आहे. रोजच्या वाकण्याने ती त्याच दोन जागी तुटते. तुटका तुकडा कापून वायर पुन्हा जोडली की हँडल वर्षभर चालतं.

प्लगला पाच पिना असतात. दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या, एक टिपच्या अर्थिंगची. पिनांची मांडणी सगळीकडे सारखी नसते, म्हणून नंबर पाठ करू नका, जोड्या शोधा. टिपशी बीप देणारी एकटी पिन अर्थची. उरलेल्यांत एक जोडी २.५ ते ३.५ ओहम आणि दुसरी ४३ ते ५८ ओहम दाखवत असेल तर तो सिरॅमिक हीटर आहे. ही मापं साधारण २३ अंशांच्या खोलीतली, उन्हाळ्यात दुसरा आकडा थोडा जास्त येतो. एक जोडी दहा-बारा ओहमच्या पुढे आणि दुसरी एक-दोन ओहम असेल तर तो नायक्रोम हीटर आणि थर्मोकपल सेन्सर आहे. हे दोन प्रकार बाहेरून सारखे दिसतात, प्लगही तोच बसतो, पण स्टेशनचा बोर्ड दोन्ही सेन्सर वाचू शकत नाही. चुकीचं हँडल लावलं तर एक तर तापतच नाही, नाहीतर लाल होईपर्यंत तापतं. म्हणून जुनं हँडल फेकण्याआधी मोजून ठेवा आणि दुकानदाराला तोच प्रकार मागा. इतक्या कमी ओहमला मीटरच्या प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्सही महत्त्वाचा ठरतो. दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आधी पाहा आणि वजा करा.

गनमध्ये सेन्सर थर्मोकपल असतो. तो तपासायला वायरी बोर्डापासून सोडवा, मीटर डीसी २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि सेन्सरच्या टोकाजवळ लायटर धरा. के-टाइप असेल तर दर अंशाला सुमारे ०.०४ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे काही सेकंदांत चार-पाच मिलिव्होल्ट दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर तो तुटला आहे. याच परीक्षेत कुठली वायर प्लस तेही कळतं, आणि नवा एलिमेंट बसवताना हे विसरून चालत नाही. थर्मोकपल उलटा जोडला तर हवा जितकी तापेल तितका आकडा खाली जातो, स्टेशन अजून वीज देत राहतं आणि नवा एलिमेंट मिनिटभरात लाल होतो. एलिमेंट बदलल्यावर पहिल्यांदा १०० अंशांवरच चालू करा आणि आकडा वर जातोय ना हे पाहा.

आकडा ठरवलेल्या तापमानाच्या पुढे जातच राहिला आणि नळीत लाली दिसली, तर ट्रायॅक शॉर्ट झाला असण्याची दाट शक्यता आहे. लगेच पिन उपटा.

हवेचा प्रश्न यापेक्षा सोपा. ८५८ जातीत गन उचलली तरी पंखा सुरू होत नसेल, किंवा स्टँडवर ठेवूनही ती झोपत (तापणं थांबवत) नसेल, तर स्टँडमधलं लोहचुंबक आणि हँडलमधला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की काम करणारा स्विच) तपासा. चालू गनच्या हँडलला बाहेरून चुंबक लावलं की ती झोपली पाहिजे आणि दूर नेलं की जागी झाली पाहिजे. तसं होत असेल तर स्विच चांगला. मग गन स्टँडवर झोपत नसेल तर स्टँडमधलं चुंबक निसटलंय का पाहा. पंपवालं नवं स्टेशन खूप थरथरत असेल तर डब्याच्या तळाचे वाहतुकीसाठी लावलेले स्क्रू काढायचे राहिलेत. आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत हवेतली रुई पंख्याच्या जाळीवर चिकटते. प्रवाह हळूहळू कमी होतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एलिमेंट जळाल्यावर कळतं. जाळी कोरड्या ब्रशने आठवड्याला साफ करा.

लाइट गेली तर, आणि अर्थिंग

गन स्टँडवर ठेवली की पंखा हवा १०० अंशांखाली येईपर्यंत चालतो. ते होऊ द्यावं, मधेच बटण बंद करू नये. पण लाइट गेली तर पंखा थांबतो, एलिमेंट ३५० वरच असतो आणि उष्णता हँडलकडे सरकते. अशा वेळी नोझलचं तोंड वरच्या बाजूला करून गन कशालाही टेकणार नाही अशी ठेवा आणि मेन स्विच बंद करा. लाइट परत येताना व्होल्टेज उड्या मारतं. दोन-तीन मिनिटं स्थिर राहिल्यावरच स्टेशन चालू करा.

टिपला हात लावल्यावर मुंग्या येतात किंवा टेस्टर मिणमिणतो, ही अर्थिंग नसल्याची खूण. मोबाईलच्या आयसी अशाने न दिसता मरतात. पिन उपटून टिपपासून प्लगच्या मोठ्या पिनपर्यंत ओहम मोजा, २ च्या आत हवा. तो ठीक असूनही टेस्टर पेटत असेल तर दोष सॉकेटच्या मागे आहे. फेज आणि अर्थ यांच्यात मीटर २३० दाखवतो म्हणून अर्थिंग चांगली असं धरू नका. नुसत्या मीटरला फारच थोडा करंट पुरतो, कोरड्या खड्ड्यातूनही तो आकडा दाखवतो. वायरमनकडून १०० वॅटचा जुना तारेचा (फिलामेंटचा) बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून घ्या. बल्ब मंद पेटला तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून आक्रसते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे मार्चपासून खड्ड्यात नियमित पाणी टाका. लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर या परीक्षेत ती पडेल, त्याने घाबरू नका.

दुकानात कायम ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: आयर्नचा तुमच्या प्रकारचा एक हीटर, दोन टिपा, गनचा एक २३० व्होल्टचा एलिमेंट, चार फ्यूज. हीटर आणि एलिमेंटच्या पाकिटांवर ओहम लिहून ठेवा.